खडकाला पाणी पाजून तेल काढणं

उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या हद्दीत, एकोफिस्क नावाचं तेलक्षेत्र आहे. १९६९ मध्ये ते सापडलं आणि १९७१ मध्ये तिथून तेल वर यायला लागलं. तेव्हाचा हिशेब असा होता की खाली असलेल्या १०० पिंपांपैकी १७-१८ पिंपं हाती लागतील, बाकीची खडकातच राहतील. आज त्याच क्षेत्रातून ५०हून अधिक पिंपं निघतील असं धरलं जातं. नव्या विहिरी, आडव्या खोदलेल्या विहिरी, जमिनीखालची अधिक स्पष्ट चित्रं, दाब कमी झाल्यावर चेपला जाणारा खडक, या सगळ्यांचा त्यात हात आहे. पण मोठा वाटा १९८७ पासून सतत खाली सोडल्या गेलेल्या समुद्राच्या पाण्याचा आहे. हे पाणी तेलाला फक्त ढकलत नव्हतं. त्यातले क्षार खडकाच्या पृष्ठभागाशी रासायनिक व्यवहार करत होते आणि हे नीट उमगायला पुढे बरीच वर्षं लागली.

घट्ट खडकातलं तेल रसायनांच्या मदतीनं कसं सुटतं, हे समजून घ्यायला मला एकोफिस्कइतकी चांगली जागा दुसरी दिसत नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

तेलाचा साठा म्हटलं की जमिनीखालचं तळं डोळ्यांपुढे येतं. तसं तळं कुठेच नसतं. तेल खडकाच्या कणाकणांमधल्या छिद्रांत असतं. एकोफिस्कचा खडक चॉक जातीचा, म्हणजे मऊ, पांढरा चुनखडक. समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या अंगावर चुन्याच्या चकत्या असतात. ती शैवालं मेल्यावर चकत्या तळाशी साचत गेल्या आणि त्यांचाच हा खडक झाला. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा हा काळ. आपल्याकडे सह्याद्रीचा काळा बेसाल्ट थरावर थर ओतला जात होता, त्याच सुमारास तिकडे हा पांढरा गाळ बसत होता.

हे चॉक मोठं फसवं आहे. एक घनमीटर घेतलं तर त्यातली ३० ते ४० टक्के जागा रिकामी, म्हणजे साठवायला भरपूर. पण त्या जागांना जोडणाऱ्या वाटा अर्ध्या मायक्रॉनच्या किंवा त्याहून बारीक. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज यावा. खडकात किती मावतं त्याला सच्छिद्रता म्हणतात आणि त्यातून किती सहज वाहतं त्याला पारगम्यता. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि घट्ट खडकांची सगळी अडचण या दुसरीत आहे.

पारगम्यता मोजायचं एकक डार्सी. फ्रान्समधल्या दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या आंरी डार्सी या अभियंत्यानं वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून प्रयोग केले आणि १८५६ मध्ये प्रवाहाचा नियम मांडला. पेट्रोलियमवाले आजही त्याच नियमावर चालतात. समजा, दर मीटरमागे एक वातावरण इतका दाबाचा फरक ठेवला. एक डार्सीच्या वाळूतून पाणी दिवसाला सुमारे साडेआठ मीटरच्या हिशेबानं वाहील. चॉकची पारगम्यता १ ते ५ मिलिडार्सी, म्हणजे डार्सीचा हजारावा भाग किंवा त्याच्या थोडी वर. एक मिलिडार्सीला तोच वेग दिवसाला एक सेंटिमीटरहूनही कमी होतो. आणि दर मीटरला एक वातावरण हा फरक ठेवणंही सोपं नाही, कारण दोन विहिरींत शेकडो मीटरचं अंतर असतं.

एकोफिस्कचं नशीब एवढंच की तिथला खडक नैसर्गिक भेगांनी चिरलेला आहे. भेगांमुळे खडकाचे ठोकळे पडतात. तेल या ठोकळ्यांमधून भेगांत आणि भेगांतून विहिरीत येतं. पण पाणी सोडायची वेळ येते तेव्हा हीच भेग वैरी होते. पाणी सोपी वाट धरतं, भेगांमधून धावत जाऊन समोरच्या विहिरीतून बाहेर पडतं आणि ठोकळे तेलानं भरलेलेच राहतात. ठोकळ्याच्या चारही बाजूंना जवळपास सारखाच दाब असतो, त्यामुळे कितीही मोठा पंप लावला तरी ठोकळ्याच्या आतलं तेल ढकललं जात नाही.

मग ते बाहेर येतं कसं?

दिवाळीआधी नव्या पणत्या पाण्यात भिजत घालतात. कोरडी पणती तेल पिऊन टाकते. भिजलेली पीत नाही, कारण तिच्या छिद्रांत पाणी आधीच बसलेलं असतं आणि भाजलेल्या मातीला तेलापेक्षा पाणी जवळचं असतं. उलट बरेच दिवस जळून तेलकट झालेली पणती पाण्यात टाकली तर ती पाण्याला आत घेत नाही, पाणी तिच्यावरून ओघळून जातं. माती तीच आणि छिद्रंही तीच, फक्त आतल्या भिंतींना कोण जवळचं वाटतं तेवढं बदललेलं असतं.

तेलाच्या खडकातही हेच घडतं. भिंतींना पाणी जवळचं असेल तर बारीक छिद्रं भेगेतलं पाणी आपणहून आत ओढून घेतात आणि तेवढं तेल भेगेत बाहेर पडतं. याला केशाकर्षण म्हणतात. पंपाची गरज नाही, खडक स्वतःच पाणी पितो. भिंती तेलाला धरून बसल्या असतील तर हाच जोर उलट्या दिशेनं लागतो आणि पाण्याला दारातच अडवतो.

हा जोर किती, याचा हिशेब सोपा आहे. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर एक ताण असतो, त्याला आंतरपृष्ठीय ताण म्हणतात. तो मीटरला २५ मिलिन्यूटन धरला आणि छिद्राची त्रिज्या २० मायक्रॉन घेतली, तर ओढ वातावरणाच्या चाळिसाव्या भागाइतकी येते, म्हणजे नगण्य. अर्ध्या मायक्रॉनच्या छिद्रात तीच ओढ एक वातावरण होते आणि अर्ध्या मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या छिद्रात दहा वातावरणं. खडक जितका घट्ट, तितकी ही ओढ जबरदस्त. सैल वाळूत जिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं, ती ओढ घट्ट खडकात सगळ्यांवर राज्य करते. घट्ट खडकातलं रसायनांचं काम इथून ठरतं: ही ओढ आपल्या विरुद्ध असेल तर ती आपल्या बाजूला वळवायची.

सैल खडकातली रसायनं इथे का चालत नाहीत

रसायनं घालून तेल काढणं म्हटलं की बहुतेकांना पॉलिमर आठवतं, आणि ते बरोबरच आहे. राजस्थानात बाडमेरजवळचं मंगला क्षेत्र २००४ मध्ये सापडलं आणि २००९ मध्ये सुरू झालं. तिथलं तेल मेणचट आणि पाण्यापेक्षा कितीतरी दाट. दाट तेलामागून पातळ पाणी सोडलं की पाणी तेलाला फोडून बोटांसारख्या फाट्यांनी पुढे निघून जातं. म्हणून पाण्यात पॉलिअॅक्रिलामाइड जातीचं पॉलिमर विरघळवून त्यालाच दाट करतात. मंगलात २०१४-१५ पासून हे मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. चीनमधल्या दाचिंगला तर १९९६ पासून औद्योगिक पातळीवर पॉलिमर सोडतात आणि तिथे नुसत्या पाण्याच्या तुलनेत १० टक्क्यांहून अधिक जादा तेल मिळालं. मंगलाची वाळू अनेक डार्सीची आहे आणि दाचिंगचे मुख्य थरही सैल आहेत, म्हणून हे जमलं.

या पॉलिमरचा एकेक रेणू फार लांब असतो. त्याचं रेणुभार कोटीच्या घरात जातं. पाण्यात त्याचं गुंडाळं होतं आणि त्या गुंडाळ्याचा आकार मायक्रॉनच्या काही दशांशांत असतो, म्हणजे चॉकच्या छिद्रांच्या तोंडाएवढाच. घट्ट खडकात असं द्रावण सोडलं तर रेणू तोंडाशी अडकतात, नाहीतर जोरानं ढकलल्यामुळे तुटतात. विहिरीचा दाब वाढतो आणि पाणी आत घेण्याची तिची ताकदच जाते. घट्ट खडकात मुळातच पाणी आत शिरत नाही, तिथे पाणी आणखी दाट करणं म्हणजे उलट दिशेला जाणं आहे.

दुसरं औषध सरफॅक्टंटचं. साबण आणि डिटर्जंट याच कुळातले. रेणूचं एक टोक पाण्याकडे, दुसरं तेलाकडे, त्यामुळे दोघांमधला ताण कमी होतो. पाणी सोडून झाल्यावर खडकात जे तेल उरतं, ते छिद्रांत थेंबाथेंबानं अडकलेलं असतं. ते केवळ पाण्याच्या वेगानं सोडवायचं तर ताण २५ मिलिन्यूटनवरून एक हजारांश मिलिन्यूटनच्या आसपास आणावा लागतो, म्हणजे दहा हजार पटींहून अधिक उतरवावा लागतो. प्रयोगशाळेत हे जमतं. सोबत सोडा घातला तर तो कच्च्या तेलातल्या आम्लांशी मिळून जागेवरच साबण तयार करतो, त्यामुळे विकत आणायचं रसायन कमी लागतं. दाचिंगला सोडा, सरफॅक्टंट आणि पॉलिमर असं त्रिकूट वापरून पाण्यानंतर आणखी सुमारे २० टक्के तेल काढून दाखवलं गेलं. त्याची किंमतही मोजावी लागली. जोरदार सोड्यानं खडकातली सिलिका विरघळली, विहिरींत आणि पंपांवर तिचे कठीण थर बसले आणि पंप अडकायला लागले.

घट्ट, भेगाळ खडकात मात्र हे औषध जसंच्या तसं दिलं तर गोंधळ होतो. ज्या ओढीच्या जोरावर खडक पाणी पितो, ती ओढ ताणातूनच येते. ताण दहा हजार पट उतरवला की पाण्याला अडवणारा जोर संपतो, पण पाणी आत खेचणारा जोरही संपतो. मग उरतं ते गुरुत्वाकर्षण. तेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते ठोकळ्यात हळूहळू वर सरकतं आणि खालून पाणी शिरतं. घनतेचा फरक घनमीटरला २०० किलो धरला तर एक मीटर उंचीच्या ठोकळ्यात हा जोर वातावरणाच्या पन्नासाव्या भागाएवढा येतो. चालतं, पण फार संथ. म्हणूनच घट्ट खडकासाठी सरफॅक्टंट निवडताना ताण शक्य तितका उतरवायचा मोह आवरावा लागतो. भिंतींची ओढ पाण्याकडे वळली पाहिजे आणि ताण शिल्लकही राहिला पाहिजे. माझ्या मते या विषयावरच्या उत्साही लेखांत सर्वांत जास्त निसटतो तो हाच मुद्दा. 'ताण अमुक पटींनी उतरला' असं त्यांत अभिमानानं लिहिलेलं असतं, आणि अर्धा मायक्रॉनच्या छिद्रात त्याचा अर्थ काय, हे कुणी विचारत नाही.

भिंतीवरून तेल सोडवणं

चॉकची भिंत तेलाला का धरते? एकोफिस्कच्या खोलीवर, म्हणजे समुद्रतळाखाली तीन किलोमीटरच्या आसपास, चॉकच्या पृष्ठभागावर धन विद्युतभार असतो. कच्च्या तेलात कार्बोक्झिलिक आम्लं असतात, त्यांच्या टोकाला ऋण भार. ती टोकं भिंतीला चिकटतात आणि तेलकट शेपट्या बाहेर राहतात. कोट्यवधी वर्षांत भिंतीवर असा तेलाचा लेप बसतो. वाळूच्या खडकाची भिंत बहुतेक ऋण भाराची असते, त्यामुळे तिथलं गणित वेगळं आणि तिथली रसायनंही वेगळी.

नॉर्वेतल्या स्टाव्हांगर विद्यापीठात तूर आउस्टाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा लेप कसा सुटेल यावर वर्षानुवर्षं काम केलं. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंट इथल्या उघड्या कड्यातलं चॉक ते प्रयोगांना वापरत. सुरुवातीला त्यांनी धन भाराचं सरफॅक्टंट घेतलं. त्याचे रेणू आम्लाच्या ऋण टोकांशी जोडी जमवतात आणि ती जोडी भिंत सोडून तेलात निघून जाते. लेप गेला की चॉक पाणी प्यायला लागतं. रसायनाचा विचार अचूक होता, पण एवढं सरफॅक्टंट अख्ख्या क्षेत्राला पाजायचं म्हणजे खर्च आवाक्याबाहेरचा. त्याच प्रयोगांत एक गोष्ट लक्षात आली: पाण्यात सल्फेट असलं की काम अधिक चांगलं होतं.

आणि सल्फेट तर समुद्राच्या पाण्यात फुकट मिळतं. लिटरमागे ३५ ग्रॅम क्षारांपैकी पावणेतीन ग्रॅमच्या जवळपास सल्फेट, सव्वा ग्रॅमहून थोडं जास्त मॅग्नेशियम आणि साधारण ०.४ ग्रॅम कॅल्शियम. प्रयोगांमधून उभं राहिलेलं चित्र असं. ऋण भाराचं सल्फेट चॉकच्या धन भिंतीवर जाऊन बसतं आणि भिंतीचा धन भार उतरवतं. मग धन भाराच्या कॅल्शियमला भिंतीच्या जवळ जायला वाव मिळतो. ते तिथे चिकटलेल्या आम्लाच्या टोकाला धरून सोडवून आणतं. तापमान १०० अंशांच्या पुढे गेलं की मॅग्नेशियमही या कामात उतरतं आणि भिंतीतल्या कॅल्शियमची जागा घेतं. एकोफिस्कचा साठा सुमारे १३० अंश सेल्सिअसचा, म्हणजे अगदी हव्या त्या तापमानाचा. थंड साठ्यात हेच पाणी एवढं काम करत नाही.

पुढे आणखी एक गोष्ट दिसली. समुद्राच्या पाण्यातलं साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, काढून टाकलं तर परिणाम वाढतो. मिठाचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, भिंतीजवळ गर्दी करतात, कामाच्या आयनांना वाट मिळत नाही. पाण्यातले क्षार असे कामापुरते निवडून ठेवण्याच्या या पद्धतीला आज 'स्मार्ट वॉटर' म्हणतात. यात पॉलिमर नाही, सरफॅक्टंट नाही, तरी हे रसायनशास्त्रच आहे.

एकोफिस्कमध्ये पाणी सोडायचा निर्णय मात्र या समजुतीच्या आधीचा. चॉक पाणी पिईल की नाही याबद्दल तेव्हा खात्री नव्हती. म्हणून १९८१ मध्ये आधी एका भागात प्रयोग झाला. तिथला खडक पाणी पिताना दिसला, म्हणून १९८७ पासून मोठा पसारा मांडला गेला. त्यातला किती फायदा सल्फेटचा, किती दाब टिकवण्याचा आणि किती खडक चेपला गेल्याचा, हे टक्क्यांत वेगळं करून दाखवणं कठीण आहे. क्षेत्र एकच असतं, आणि तिथे तोच प्रयोग दुसऱ्यांदा पाण्याशिवाय करून बघता येत नाही.

वेळ आणि पैसा

खडक पाणी पितो ते ठोकळ्याच्या कडेकडून आत. ठोकळा दुप्पट मोठा झाला तर वेळ चौपट लागतो. प्रयोगशाळेत ४ सेंटिमीटरचा नळकांड्यासारखा तुकडा वापरतात. समजा, त्यातलं तेल एका आठवड्यात बाहेर आलं. प्रत्यक्ष साठ्यात ठोकळा १ मीटरचा असेल तर तो २५ पट मोठा आणि वेळ ६२५ पट, म्हणजे ६२५ आठवडे, बारा वर्षं. म्हणून भेगा किती दाट आहेत हा प्रश्न रसायनाच्या निवडीइतकाच महत्त्वाचा. भेगा एकमेकींपासून २० सेंटिमीटरवर असतील तर तेच काम सहा महिन्यांत होतं.

सरफॅक्टंट वापरायचंच तर आणखी एक खर्च आहे, आणि तो कागदावर पटकन दिसत नाही. रसायन तेलापर्यंत पोहोचण्याआधीच भिंतीला चिकटून संपतं. बारीक कणांच्या खडकात भिंतीचं क्षेत्रफळ अफाट असतं, चॉकच्या एका ग्रॅममध्ये साधारण दोन चौरस मीटर. समजण्यापुरतं धरू की दर चौरस मीटरला एक मिलिग्रॅम सरफॅक्टंट चिकटतं. ४० टक्के सच्छिद्रतेच्या एक घनमीटर चॉकमध्ये १६०० किलोच्या आसपास खडक असतो, म्हणजे सव्वातीन किलो रसायन नुसतं भिंतीला गेलं. त्याच घनमीटरमधून १० टक्के जादा तेल सुटलं तर ते होतं जास्तीत जास्त ४० लिटर, म्हणजे पाव पिंप. एका पिंपामागे तेरा किलो रसायन! या हिशेबात कोणताही प्रकल्प टिकत नाही. म्हणून चिकटणं कमी करणारी पूर्वतयारी, भिंतीचा भार बदलणारा सौम्य सोडा, अगदी थोड्या प्रमाणातही काम करणारे रेणू, यांच्यावर एवढा भर दिला जातो. आणि म्हणूनच समुद्राच्या पाण्याचं मोल इतकं मोठं.

पण समुद्राचं पाणीही निर्दोष नाही. सल्फेट साठ्यातल्या मूळ पाण्यातल्या बेरियमला भेटलं की बेरियम सल्फेट तयार होतं. ते कशातच सहज विरघळत नाही आणि नळ्या चोंदवतं. सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड हा विषारी, गंज चढवणारा वायू सोडतात. उत्तर समुद्रातल्याच साउथ ब्रे क्षेत्रात १९८८ मध्ये पाण्यातलं सल्फेट पडद्यांतून गाळून काढायचा कारखाना बसवला गेला, तो याच भीतीनं. एका क्षेत्रात जे औषध, तेच दुसऱ्या क्षेत्रात गाळून फेकायचं. खडक कोणता, मूळ पाणी कोणतं आणि तापमान किती, हे बघितल्याशिवाय कोणत्याही रसायनाला चांगलं किंवा वाईट म्हणता येत नाही.

एकोफिस्कला याहून मोठा धक्का बसला. तेल निघून दाब उतरला, मऊ चॉक वरच्या भारानं दबलं आणि समुद्रतळ खचायला लागला. १९८४ मध्ये हे ध्यानात आलं. १९८७ मध्ये समुद्रात उभे असलेले, तेल काढायचे पोलादी फलाट चालू क्षेत्रात सहा मीटरनं वर उचलले गेले, अभियांत्रिकीच्या इतिहासातलं हे एक थक्क करणारं काम. पाणी सोडून दाब वाढवला की खचणं थांबेल अशी आशा होती. दाब सावरला, तरी तळ बरीच वर्षं खचत राहिला, कारण पाणी लागलेलं चॉक कमजोर होतं. जे क्षार भिंतीवरचं तेल सोडवतात, तेच गरम चॉकच्या कणांवरही काम करतात. एकूण खचणं नऊ मीटरच्या पुढे गेलं.

इतर घट्ट खडक

चीनमधल्या ऑर्डोस खोऱ्यातलं चांगचिंग क्षेत्र हे वाळूच्या घट्ट खडकाचं मोठं उदाहरण. तिथले यानचांग थर एक मिलिडार्सीच्या आसपासचे, बरेच त्याहूनही कमी. त्या खडकाला तिथले लोक धार लावायचा दगड म्हणतात. तरीही २०१३ मध्ये तिथलं तेल आणि वायू मिळून वर्षाचं उत्पादन तेलाच्या हिशेबात ५ कोटी टनांवर गेलं. तिथे लांब रेणूंच्या पॉलिमरऐवजी पॉलिमरचे सूक्ष्म गोळे पाण्यातून सोडतात. ते मोठ्या वाटांमध्ये जाऊन फुगतात, वाट अडवतात आणि पाण्याला बारीक वाटांकडे वळवतात. शिवाय खडक पाण्याच्या दाबानं फोडताना त्याच द्रवात सरफॅक्टंट मिसळतात आणि विहीर काही काळ बंद ठेवतात. त्या शांत काळात खडक पाणी पितो आणि तेल भेगेत येतं.

अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या बाकन थरांत खडक आणखी घट्ट, मिलिडार्सीच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातला. तिथे खालच्या तेलाच्या १० टक्केही हाती लागत नाही. इतक्या घट्ट खडकात एका विहिरीतून सोडलेलं पाणी दुसऱ्या विहिरीपर्यंत पोहोचायची वाट बघण्यात अर्थ नाही. त्याच विहिरीतून सोडायचं, थांबायचं आणि त्याच विहिरीतून परत घ्यायचं, हाच व्यवहार्य मार्ग. बाकनच्या मूळ पाण्यात लिटरला ३०० ग्रॅमपर्यंत क्षार असतात, समुद्राच्या आठ-नऊ पट. साधी सरफॅक्टंट अशा पाण्यात साका होऊन बसतात, त्यामुळे तिथे टिकणारी निवडणं हेच अर्धं काम.

आपल्याकडे दोन्ही प्रकार एकाच खोऱ्यात बघायला मिळतात. बाडमेरला मंगलाच्या सैल वाळूच्या वरच बाडमेर हिल नावाचे थर आहेत. त्यातला काही खडक सिलिकायुक्त, बारीक कणांचा, जागा भरपूर पण वाटा अगदी अरुंद, चॉकसारखाच फसवा. मंगलात यशस्वी झालेलं पॉलिमर तिथे उपयोगाचं नाही. तिथे आधी खडक फोडावा लागतो. मुंबईपासून १६० किलोमीटरवरच्या मुंबई हायचा मुख्य थर चुनखडीचा. ते क्षेत्र १९७४ मध्ये सापडलं, १९७६ मध्ये सुरू झालं आणि १९८४ पासून तिथेही समुद्राचं पाणी खाली सोडतात. तो खडक एकोफिस्कच्या चॉकहून कितीतरी मोकळा आहे, त्यामुळे तिकडचा अनुभव सरसकट इकडे लावता येणार नाही. पण चुनखडीची भिंत, गरम साठा आणि खारं पाणी हे त्रिकूट तेच आहे. भिंतींची ओढ कुणाकडे आहे हा प्रश्न तिथेही तितकाच विचारण्यासारखा आहे.

नव्या रसायनानं 'तेल २० टक्क्यांनी वाढलं' अशी बातमी वाचली की मी आधी बघतो, ते २० टक्के कशाचे. मूळ साठ्याचे, की पाणी सोडून उरलेल्या तेलाचे? दोन्हींत दुपटीचा फरक पडू शकतो. मग बघतो प्रयोगाचं तापमान आणि खडकाचा तुकडा. तुकडा स्वच्छ धुऊन काढला असेल तर त्याच्या भिंतींवरचा मूळ लेपही धुतला गेलेला असतो, आणि असा तुकडा साध्या पाण्यालाही आनंदानं पितो.

प्रत्यक्ष तेलक्षेत्रात उतरण्याआधी एका विहिरीवर करता येणारी एक चांगली चाचणी आहे. पाण्यात इथिल अॅसिटेट मिसळून ते विहिरीतून खाली सोडतात आणि काही दिवस थांबतात. त्यातल्या थोड्या भागाचं तिथेच इथेनॉल होतं. मग तीच विहीर उलट चालवून पाणी वर घेतात. इथेनॉल पाण्यातच राहतं, म्हणून आधी येतं. उरलेलं इथिल अॅसिटेट वाटेत तेलात शिरत-निघत येतं, म्हणून मागे पडतं. दोघांच्या येण्यातल्या अंतरावरून खडकात किती तेल उरलंय ते काढता येतं. ही मोजणी रसायन सोडण्याआधी एकदा आणि नंतर एकदा करायची. दोन आकड्यांतला फरक म्हणजे रसायनानं खरोखर सोडवलेलं तेल, निदान विहिरीभोवतीच्या काही मीटरपुरतं. भेगाळ खडकात ही मोजणी अवघड होते, कारण पाणी कुठे कुठे फिरून आलं हे सांगता येत नाही. तिथे आधी भेगांचा नकाशा हवा, चाचणी त्यानंतर.